साडेपाच सेंटांचा चाप

माझा आणि बंदुकीचा संबंध तसा दिवाळीपुरताच. लहानपणी टिकल्यांचे पिस्तूल मिळायचे, तेही थोरल्या भावाचे वापरून झाल्यावर. त्या पिस्तुलाला स्वतःची अशी मते होती. शेजारच्या पोरावर नेम धरून चाप ओढावा, तर ते नुसते 'टिच्' करी. आणि वडील पेपर वाचत असताना ते पलंगावर अलगद ठेवावे, तर 'फाट्'! वडील चष्म्यावरून बघत विचारीत, "कोणी उडवली?" मी म्हणे, "आपोआप उडाली." मग माझ्या पाठीत जो आवाज होई, तो मात्र आपोआप होत नसे. जगात कुठलीही गोष्ट आपोआप होत नाही, असे वडिलांचे ठाम मत होते. पुढे मी बी.कॉम. झालो तेव्हा त्यांचे हे मत थोडे डळमळले, एवढेच.

नंतर एका सहकारी बँकेत क्लार्क म्हणून चिकटलो आणि बंदुकीशी पुन्हा गाठ पडली. आमच्या शाखेत बंदूक होती. बारा बोअरची दुनळी. खरे म्हणजे ती रायफल नव्हे. पण आमच्या कॅशियरपासून शिपायापर्यंत सगळे तिला 'रायफल'च म्हणत. तेवढाच दरोडेखोरांना वचक. तिचे वय माझ्यापेक्षा जास्त होते आणि तिच्या दस्त्यावर डेडस्टॉक रजिस्टरचा नंबर पांढऱ्या ऑइलपेंटने घातला होता, जसा तो टेबलांवर, पंख्यांवर आणि पाण्याच्या माठावर घातलेला असतो. आमच्या बँकेच्या दृष्टीने माठ आणि बंदूक यांत फरक एवढाच, की माठ दर उन्हाळ्यात नवा येई.

बंदूक सांभाळायला मेजर होते. बँकेच्या दारावरचा निवृत्त सैनिक कुठल्याही हुद्द्यावरून निवृत्त झालेला असो, बँकेत त्याला मेजरच म्हणतात. आमचे मेजर साताऱ्याकडचे. सतरा वर्षे फौजेत काढलेली. मिशा अशा, की कर्जाचा हप्ता थकवलेला माणूस दारातूनच परत जाई. सकाळी बरोबर साडेनऊला ते बंदूक स्ट्राँगरूममधून काढीत, मागच्या व्हरांड्यात जात, नळी मोडून आतून प्रकाश बघत, दोन काडतुसे घालीत, नळीचे तोंड आभाळाकडे करीत आणि 'खट्' करून मिटवीत. मी एकदा विचारले, "मेजर, तोंड नेहमी वर का?" ते म्हणाले, "साहेब, बंदूक भरलेली असू दे न्हाईतर रिकामी. तिचं तोंड जिथं माणूस न्हाई तिथंच पाहिजे. बंदूक आपली न्हाई. ती कुनाचीच नसती."

२००९ सालच्या पावसाळ्यात एका सकाळी पाऊस आडवा येत होता, म्हणून मेजरांनी हे सगळे व्हरांड्याऐवजी आत, रेकॉर्डरूमच्या दाराशी केले. 'खट्' झाले, आणि त्याच क्षणी असा धडाका झाला, की काउंटरवरची सगळी नाणी जागच्या जागी नाचली. छताचा टोपलीभर गिलावा खाली आला तो नेमका थकीत कर्जाच्या लेजरवर. आमच्या मॅनेजरसाहेबांनी टेबलाखाली जे आसन घेतले, ते त्यांच्या वयाला आणि पोटाला शोभणारे नव्हते. पासबुक भरायला आलेल्या एका आजी मात्र शांतपणे म्हणाल्या, "लवकर लावलीत हो दिवाळी."

कोणाला खरचटलेसुद्धा नाही. नळीचे तोंड वर होते म्हणून. पण ही गोष्ट त्या दिवशी कोणाच्या ध्यानात आली नाही. ध्यानात आला तो गिलावा.

पोलीस आले, पंचनामा झाला. पंच म्हणून समोरच्या सलूनवाल्याला बोलावले. तो अर्धी दाढी टाकून आला. हेड ऑफिसमधून फोनवर पहिला प्रश्न आला, "काडतूस रजिस्टरला एक काडतूस कमी दिसणार. ते कुठल्या खात्याला खर्ची टाकणार?" आणि दुसरा प्रश्न, "चाप कोणी ओढला?"

मेजर ताठ उभे राहून म्हणाले, "साहेब, मी चापाला हात लावला न्हाई. बंद करताना सुटली."

साहेब हसले. कॅशियर हसले. मीही हसलो, ही गोष्ट इथेच कबूल करून टाकतो. 'आपोआप उडाली' म्हणणाऱ्याच्या पाठीत काय होते, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही मी हसलो. मेजरांना मेमो द्यायचे ठरले: 'आपण निष्काळजीपणे चाप ओढून बँकेच्या मालमत्तेचे नुकसान केले, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा.' तो मेमो टाईप केला मीच.

इथे जरा टायपिंगबद्दल सांगायला हवे. मी टायपिंग शिकलो ते रेमिंग्टनच्या यंत्रावर. आमच्या गावच्या क्लासात अशी डझनभर धुडे होती आणि मराठी तिसची परीक्षा देताना माझ्या करंगळ्या कामातून गेल्या. नंतर बँकेत संगणक आले, तरी मराठी अक्षरे सापडायची ती त्याच जागी. संगणकातल्या त्या मराठी कळपाटाच्या रचनेला आजही 'रेमिंग्टन' म्हणतात. तेव्हा मेजरांचा मेमो हा रेमिंग्टनवरच झाला म्हणायला हरकत नाही. हे नाव लक्षात ठेवा. ते पुढे बंदूक घेऊन परत येणार आहे.

मग सुरू झाले दुरुस्तीपुराण. बंदूक बिघडली नाही, माणूस चुकला, असे एकीकडे ठरले होते. पण ऑडिटरसाठी 'बंदूक सुस्थितीत आहे' असा दाखला हवा होता. ज्या दुकानातून ती घेतली होती त्यांना पत्र लिहिले. ते म्हणाले, बनवणाऱ्यांना लिहा. बनवणारे म्हणाले, दुकानामार्फत पाठवा. दुकान म्हणाले, लायसनची प्रत, पोलिसांचा परवाना आणि बंदूक घेऊन लायसनवर नाव असलेल्या माणसानेच यावे. आता लायसनवर बँकेखालोखाल नाव होते मेजरांचे, आणि त्यांच्यावर तर मेमो! आरोपीच्या हाती पुरावा कसा द्यायचा, या प्रश्नावर हेड ऑफिसने चार महिने विचार केला. तेवढ्या काळात आमची शाखा बिनबंदुकीची होती. दरोडेखोरांना हे कळले नाही, कारण पत्रव्यवहार टपालाने चालला होता.

शेवटी मेजरच बंदूक घेऊन गेले. बिल पास करायला बँकेचा माणूस हवा, म्हणून बरोबर मी. दुकानात एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी बंदूक उघडली, भिंगातून आत बघितले आणि काही न बोलता रिकामी बंदूक घोडे चढवून 'खट्' अशी मिटवली. आतून 'टक्' असा आवाज आला. घोडा पडला होता. चापाजवळ बोट नव्हते. त्यांनी तेच दहा वेळा केले. मी बँकवाला, मोजल्याशिवाय राहवत नाही. दहात सात वेळा घोडा पडला.

"खाच झिजलीय," मिस्त्री म्हणाले. "घोडा ज्या खाचेवर अडतो ना, ती. अन् सेफ्टी म्हणाल, तर या बंदुकीत ती फक्त चापाला अडवते, घोड्याला नाही."

मेजरांनी माझ्याकडे बघितले. बोलले काही नाहीत.

लेखी पत्र आले ते असे: 'नेहमीची झीज दुरुस्त केली आहे. उत्पादनात दोष नाही. वापर काळजीपूर्वक करावा.' मी माझ्या अहवालात 'दहापैकी सात वेळा चाप न ओढता घोडा पडला, हे मी पाहिले' असे एक वाक्य घातले. मॅनेजरसाहेबांनी लाल पेनने ते काढले. "तोंडी गोष्टी कशाला लिहिता? पत्र आहे ना?" मी पुन्हा टाईप केले, ते वाक्य गाळून. हेड ऑफिसने पत्रातल्या 'काळजीपूर्वक' या शब्दाखाली रेघ ओढली आणि गिलाव्याचे अठराशे पन्नास रुपये मेजरांच्या पगारातून कापले. पुढल्या वर्षी मेजर गावी गेले.

असो. हे सगळे मी विसरलोही असतो. पण दोन वर्षांपूर्वी, टायपिंगच्या यंत्राचा इतिहास काय म्हणून सहज वाचायला बसलो आणि रेमिंग्टन या नावाखाली भलतेच काही हाती लागले.

टाईपरायटर विकणारे रेमिंग्टन मुळात बंदूकवाले! एलिफॅलेट रेमिंग्टन नावाच्या तरुणाने न्यूयॉर्क राज्यात १८१६ साली बंदुकीच्या नळ्या बनवायला सुरुवात केली. इलियन या गावी कारखाना उभा राहिला. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले, लढाईची मागणी आटली, तेव्हा कंपनीने शिवणयंत्रे, शेतीची अवजारे असे नाना उद्योग केले. १८७३ साली शोल्स नावाच्या गृहस्थाच्या लिहिण्याच्या यंत्राचा करार केला आणि पुढच्या वर्षी ते बाजारात आणले. १८८६ साली कंपनी डबघाईला आली आणि टाईपरायटरचा धंदा दुसऱ्यांना विकून टाकला. नाव मात्र दोन्हीकडे राहिले. म्हणजे भाऊ वेगळे निघाले, आडनाव एकच. एक भाऊ कारकुनांची बोटे मोडीत जगभर गेला. दुसरा बंदुकाच करीत राहिला, आणि त्याची गोष्ट वाचता वाचता मला आमच्या रेकॉर्डरूमचा गिलावा दिसायला लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या बंदूकवाल्या रेमिंग्टनकडे माईक वॉकर नावाचे एक इंजिनियर होते. नेमबाजीचे मोठे शौकीन. त्यांनी शिकारीच्या रायफलीसाठी एक नवा चाप तयार केला. तो १९४८ साली 'मॉडेल ७२१' या रायफलीत आला आणि १९६२ साली 'मॉडेल ७००' मध्ये. ही ७०० नंबरची रायफल म्हणजे अमेरिकन शिकाऱ्यांची लाडकी. लाखांनी खपली. सैन्याच्या आणि पोलिसांच्या नेमबाजांनीही तिच्यावरून बेतलेल्या रायफली वापरल्या. चाप असा हलका आणि स्वच्छ, की बोटाला कळायच्या आत गोळी सुटावी.

काही वेळा ती बोटाला न कळवताच सुटू लागली, हीच अडचण होती.

त्याचे यंत्र मी माझ्या बी.कॉम. बुद्धीने असे समजून घेतले आहे. रायफलीत गोळीवर ठोका मारणारी सुई दाबलेल्या स्प्रिंगच्या जोरावर तयार असते. तिला रोखून धरतो एक अडसर. हा अडसर एरवी चापाच्या कडेवर टेकून बसतो. चाप ओढला की कड सरकते, अडसर पडतो, सुई सुटते. वॉकरसाहेबांनी चापाच्या पुढे एक छोटी पोलादी पट्टी ठेवली. तिला म्हणतात कनेक्टर. अडसर या पट्टीवर बसतो. पट्टी चापाला पक्की जोडलेली नाही, नुसती स्प्रिंगच्या दाबाने चिकटून असते. दर गोळीला ती चापापासून क्षणभर सुटते आणि परत येते. आता त्या फटीत धुळीचा कण गेला, तेल गोठले, गंज चढला, तर पट्टी पूर्ण परत येत नाही. केसभर पुढेच राहते.

सेफ्टी लावली की अडसर वर उचलला जातो. सेफ्टी काढली की तो पुन्हा पट्टीवर बसायला जातो. लग्नाच्या पंगतीत आपण कोणाला नमस्कार करायला उठावे आणि तेवढ्यात वाढप्याने पाट जरा सरकवावा, तसे त्याचे होते. बसायला जातो तो थेट जमिनीवर. धडाम्!

म्हणजे सुरक्षिततेचा खटका काढला की गोळी. कधी बोल्ट उघडताना, कधी नुसता धक्का लागून. कंपनीच्या कागदपत्रांत या प्रकारांना आद्याक्षरांची नावेही होती. सेफ्टी काढताना सुटली तर 'एफ.एस.आर.', धक्क्याने सुटली तर 'जे.ओ.' ज्या गोष्टीला ऑफिसात आद्याक्षरे मिळतात, ती गोष्ट ऑफिसला चांगली ठाऊक असते, हे बँकेत नोकरी केलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

रायफल बाजारात यायच्या आधीच, १९४७ च्या चाचण्यांत, सेफ्टी काढताना घोटाळा होतो हे दिसले होते. आणि ते सांगणाऱ्यांत खुद्द वॉकर होते. त्यांनी उपायही सुचवला. चापाला अडवून धरणारा एक छोटा भाग बसवायचा, म्हणजे पट्टी जागची हलणारच नाही. खर्च किती? दर बंदुकीमागे साडेपाच सेंट.

हा आकडा वाचला आणि माझ्यातला कारकून जागा झाला. १९४८ साली एका रुपयाला तीस सेंटांच्या आसपास मिळत. म्हणजे साडेपाच सेंट म्हणजे आपले जवळजवळ तीन आणे. तीन आणे! पुढे कोर्टाच्या तडजोडीत जवळपास ७५ लाख बंदुका आल्या. त्या प्रत्येकीला हा भाग लावला असता, तरी एकूण खर्च ४ लाख १२ हजार ५०० डॉलर. उलट १९९४ साली टेक्सासमधल्या एकाच खटल्यात, अशा अपघातात पाय गमावलेल्या माणसाला ज्यूरीने १ कोटी ७० लाख डॉलर भरपाईचा निकाल दिला. भागले तर एकेचाळीस पट होतात. एवढा तोट्याचा व्यवहार तर आमच्या कर्ज समितीनेही कधी मंजूर केला नाही, आणि आमची समिती पाहिलेल्यांना या वाक्याचे वजन कळेल.

कंपनीने तो भाग बसवला नाही.

मग तक्रारी येऊ लागल्या. आणि कंपनीचे उत्तर आमच्या मेमोसारखेच. रायफल कारखान्यात तपासली, आमच्या हातून तशी सुटली नाही; तुमचे बोट चापाला लागले असेल, तुम्ही साफसफाई केली नसेल, तुम्ही चापात फेरफार केला असेल. आता पट्टी एकदा केसभर सरकते, आणि पुढच्या गोळीला आपली आपण जागेवर येते. पुरावा स्वतःच स्वतःला पुसून टाकतो. खटारा स्कूटर मेकॅनिककडे नेली की पहिल्या किकला सुरू होते, हा अनुभव कोणाला नाही? फरक एवढाच, की स्कूटरने माणसे मरत नाहीत. निदान सुरू न झाल्याने तरी नाहीत.

१९७९ साली कंपनीच्या एका समितीने हिशेब मांडला. ७०० नंबरच्या वीस लाख बंदुका लोकांच्या घरी आहेत. त्यांतल्या शेकडा एक, म्हणजे वीस हजार, या खोडीला बळी पडू शकतील. वीस हजार शोधायला वीस लाख परत बोलवायच्या? नको. अंकगणितात चूक नाही; आमच्या परीक्षेत पूर्ण मार्क मिळाले असते. पण 'शेकडा एक' हे शब्द लिहिताना ती एक बंदूक कोणाच्या तरी घरात, पोराबाळांत, भिंतीला टेकून उभी असेल, हा रकाना त्या तक्त्यात नव्हता.

तुम्ही म्हणाल, तिथल्या सरकारने काय केले? ऐका. अमेरिकेत ग्राहकांच्या मालाची सुरक्षितता पाहणारा एक सरकारी आयोग आहे. इस्त्री, पाळणा, मिक्सर, काहीही धोक्याचे निघाले तर तो परत घ्यायला लावू शकतो. फक्त खऱ्या बंदुका त्याच्या अधिकाराबाहेर ठेवल्या आहेत. खेळण्यातल्या मात्र आत. म्हणजे माझे ते टिकल्यांचे पिस्तूल अमेरिकेत असते आणि पलंगावर आपोआप उडाले असते, तर वडिलांना सरकारदरबारी दाद मागता आली असती. खरी रायफल उडाली, तर कोर्टात जा.

यातली एक गोष्ट विनोदाने सांगता येत नाही, म्हणून सरळ सांगतो. २००० साली माँटाना राज्यात एक कुटुंब शिकारीहून परतले. आई ७०० नंबरची रायफल रिकामी करीत होती. १९८२ च्या आधीच्या या रायफलींची रचना अशी होती, की सेफ्टी काढल्याशिवाय बोल्ट उघडत नसे आणि बोल्ट उघडल्याशिवाय गोळी बाहेर येत नसे. म्हणजे बंदूक निर्धोक करण्यासाठी नेमकी तीच कृती करावी लागे, जी धोक्याची. तिने सेफ्टी काढली. चापाला बोट लावले नाही, असे तिने सांगितले. गोळी घोड्यांच्या गाडीतून आरपार गेली. गाडीच्या पलीकडे तिचा नऊ वर्षांचा मुलगा होता.

त्या मुलाच्या वडिलांनी पुढची वर्षे अशाच लोकांना शोधण्यात आणि कागद गोळा करण्यात घालवली. 'आम्ही चापाला हात लावला नाही' म्हणणारे एक-दोन नव्हते, हजारो तक्रारी निघाल्या. २०१० साली एका दूरचित्रवाणी वाहिनीने हे प्रकरण देशापुढे मांडले. तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षांचे वॉकर मुलाखतीत बोलले. आपला चाप चांगला आहे असेच ते मानत होते. पण साडेपाच सेंटांची सूचना आपण केली होती, हेही त्यांनी सांगितले.

आता दुरुस्तीचे. २००६ नंतर कंपनीने कनेक्टर नसलेला नवा चाप काढला, आणि २०१४ साली तोच परत बोलवावा लागला. जोडणी करताना लावलेले चिकट द्रव्य जास्त झाले होते, आणि त्याने गोळी आपोआप सुटण्याचा संभव होता! जुन्या चापाबद्दलचा सामूहिक दावा तडजोडीत निघाला. २०१७ साली कोर्टाने तो मान्य केला. दोष मान्य न करता कंपनीने बहुतेक मॉडेलांचा चाप फुकट बदलून द्यायचे कबूल केले. सर्वांत जुन्या ७२१ वाल्यांच्या नशिबी मात्र चाप नाही. त्यांना दहा डॉलरचे कूपन. दिवाळीत कापडदुकानदार देतात तसे.

आणि ७५ लाख बंदुकांपैकी तोवर अर्ज किती आले असतील? बावीस हजारांच्या आसपास. हजारी तीन! लोक म्हणे, आमची बंदूक कधी सुटली नाही, कशाला पाठवा? मला याचे नवल वाटले नाही. आमच्याकडे दहा वर्षे न हललेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. नोटीस लावली, यादी लावली, तरी स्वतःचे पैसे न्यायला लोक येत नाहीत. फुकटचा चाप कोण आणायला जातो?

पुढे कंपनीने २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, २०२० मध्ये पुन्हा केला आणि तिचे तुकडे विकले गेले. इलियनचा तो जुना कारखाना २०२४ साली बंद झाला.

या एकाच कंपनीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. बंदूक चुकली की माणसावर ढकलायचे, ही फार जुनी चाल आहे. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्याकडे रॉस नावाची रायफल होती. नेम अचूक, पण १९१५ साली ईप्रच्या चिखलात ती अशी अडके, की शिपाई बोल्टला बुटाने लाथा घालीत. जगलेल्या पाच हजारांपैकी चौदाशेहून अधिक जणांनी ती फेकून मेलेल्या इंग्रजांच्या ली-एनफिल्ड उचलल्या. त्यांचे मंत्री सॅम ह्यूज मात्र रॉसवर इतके लुब्ध, की दोष इंग्रजी काडतुसांचा म्हणत राहिले. १९१६ साली रायफल बदलली. व्हिएतनाममध्ये अमेरिकेची नवी एम-१६ अडकू लागली, तेव्हा शिपायांना सांगितले, तुम्ही ती साफ करीत नाही. साफ करायचे सामान मात्र पुरेसे दिलेच नव्हते! १९६७ साली संसदेच्या समितीने चौकशी केली, तेव्हा काडतुसातली दारू मध्येच बदलली होती, हे मोठे कारण निघाले. दारू बदलली की तोल जातो, हे शोधायला समिती बसवावी लागली.

हे सगळे वाचून झाले आणि मला काही दिवस झोप नीट लागेना. सौ. म्हणाली, "अमेरिकेत बंदूक उडाली म्हणून तुम्ही इथे का कुशी बदलताय?" मी तिला दहापैकी सातची गोष्ट सांगितली. ती एवढेच म्हणाली, "मग ते वाक्य आहे कुठे?"

गेल्या वर्षी मेजर बँकेत आले, ठेव पुन्हा गुंतवायला. मिशा पांढऱ्या झालेल्या, पाठ तशीच. मी चहा मागवला आणि त्यांना सगळी कथा सांगितली. पट्टी, फट, साडेपाच सेंट, सगळे. ते मन लावून ऐकत होते.

"म्हंजे तीन आण्यांसाठी?"

"तीन आण्यांसाठी."

"आन् त्या इंजिनेराला मेमो दिला का कंपनीनं?"

"नाही मेजर. त्यानंच कंपनीला सांगितलं होतं, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस साली."

"मग कंपनीनं खुलासा केला का सात दिवसांत?"

"सत्तर वर्षं लागली. आणि त्यातही दोष मान्य नाही."

मेजर मोठ्याने हसले. "मग आपली ब्यांक बरी म्हनायची. सात म्हैन्यांत बिल तरी पास केलं."

मी ड्रॉवरमधून एक कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यावर ते एकच वाक्य होते, रेमिंग्टनवर टाईप केलेले: 'दहापैकी सात वेळा चाप न ओढता घोडा पडला, हे मी पाहिले.' खाली माझी सही. अठराशे पन्नास रुपये काही त्या कागदाने परत येणार नव्हते. मेमोही निघणार नव्हता. तो फाईलमध्ये सुखाने आहे.

मेजरांनी चष्मा लावून ते वाक्य दोनदा वाचले. कागदाची चौघडी केली आणि पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात घातली. मग जाता जाता थांबून विचारले,

"साहेब, तारीख आजचीच घातलीय नव्हं?"

"हो, आजचीच."

"बरं केलंत. मागची घातली असती, तर आडिट लागलं असतं."